झाकण उघडता येईल असा अ‍ॅम्प्लिफायर

(संगीतप्रेमींच्या एका मासिक बैठकीत झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. पत्रिकेवर आजचा विषय छापलाय तो असा : ‘क्लास डी अ‍ॅम्प्लिफायर आणि घरातल्या संगीताचं भवितव्य’. तिथवर मी येणारच आहे, पण थोडा वळसा घालून. माझं म्हणणं आधी सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना शेवटची लोकल गाठायची आहे त्यांची अडचण व्हायला नको. आवाज न बिघडवता तो मोठा करून स्पीकरला द्यायचा, हा अ‍ॅम्प्लिफायरचा मूळ प्रश्न आज जवळजवळ सुटलेला आहे. त्यामुळे यापुढे जो कुणी पाच लाखांचा, दहा लाखांचा अ‍ॅम्प विकेल, त्याने त्या किमतीचा हिशेब यंत्राच्या आयुष्यावर द्यायला हवा. तीस वर्षांनी ते उघडता येईल का? आतला भाग मिळेल का? त्याची सर्किट डायग्राम, म्हणजे आतल्या जोडणीचा नकाशा, एखाद्या जाणत्या कारागिराच्या हाती पडेल का? हे मी गेली कित्येक वर्षं ज्याला-त्याला सांगत आलोय. आज तुम्ही आपणहून बोलावलंत, तेव्हा सविस्तर सांगतो.

सुरुवात तंबोऱ्यापासून करू. आपल्या घरात अ‍ॅम्पची परीक्षा घ्यायला तंबोऱ्यासारखं साधन नाही. लोक दुकानात जाऊन ढोल, तोफा, चित्रपटातले स्फोट ऐकतात आणि वॉट विचारतात. वॉटचं गणित मात्र फसवं आहे. साधारण स्पीकरला एक वॉट दिला तर एक मीटरवर ८६ ते ९० डेसिबल आवाज मिळतो, आणि दिवाणखान्यात एवढा पुरून उरतो. पॉवर दुप्पट केली तर वाढतात फक्त ३ डेसिबल. म्हणजे शंभर वॉटच्या जागी दोनशे वॉटचा अ‍ॅम्प आणलात, तर खिशाला कळतं तेवढं कानाला कळत नाही. ख्याल ऐकताना तुमचा अ‍ॅम्प बहुतेक वेळ एका वॉटच्याही खाली चालतो. तंबोरा तर त्याच्याही कितीतरी खाली असतो, आणि अखंड असतो.

आता ट्रान्झिस्टर अ‍ॅम्पमध्ये काय होतं? ध्वनिलहरीचा वरचा भाग एक ट्रान्झिस्टर हाताळतो, खालचा दुसरा. एकाने सोडायचं आणि दुसऱ्याने धरायचं, त्या सांध्यावर जरा फट राहिली की लहर तिथे मोडते. याला क्रॉसओव्हर डिस्टॉर्शन, म्हणजे सांध्यावरची विकृती, म्हणतात. मोठ्या आवाजात ती फट झाकली जाते. लहान आवाजात, जिथे सगळी लहरच सांध्याच्या आसपास घुटमळत असते, तिथे ती प्रमाणाने फार मोठी होते. म्हणून साठच्या दशकातल्या सुरुवातीच्या ट्रान्झिस्टर अ‍ॅम्पवर ताना ठीक वाटायच्या आणि तंबोरा मात्र खरखरीत व्हायचा. पुस्तकात १ टक्का डिस्टॉर्शन लिहिलेला व्हॉल्व्हचा, म्हणजे ट्रान्झिस्टरच्या आधीच्या काचेच्या नळ्यांचा, अ‍ॅम्प गोड लागायचा आणि ०.१ टक्का लिहिलेला ट्रान्झिस्टरचा टोचायचा. ऐकणारे खोटं बोलत नव्हते. मोजणारे मोठ्या आवाजाला मोजत होते, एवढंच.

आणि तंबोऱ्यात जपण्यासारखं काय असतं, तेही बघा. जवारी नीट लागली, म्हणजे तार घोडीला जिथे टेकते ती जागा नेमकी जुळली, की खर्जाच्या तारेतून गंधार ऐकू येतो. कुणी न छेडलेला, स्वयंभू. शास्त्राच्या भाषेत तो खर्जाचा पाचवा हार्मोनिक, म्हणजे खर्जाच्या पाचपट कंपनसंख्येचा सूर. तंबोऱ्याच्या आणि वीणेच्या घोडीचा आकारच असा आहे की तारेतून एरवी न निघणारे हार्मोनिक्सही निघतात, हे सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्ये दाखवून दिलं. प्रकाशाच्या प्रयोगासाठी नोबेल मिळण्याच्या कितीतरी आधी ते आपल्या वाद्यांकडे भौतिकशास्त्रज्ञाच्या नजरेने बघत होते. किशोरीताईंचं एखादं चांगलं ध्वनिमुद्रण लावा, आवाज रात्री ऐकतो तेवढा लहान ठेवा, आणि पहिला षड्ज लागायच्या आधी गंधार ऐकू येतो का ते बघा. येत असेल तर अ‍ॅम्पवर आणखी पैसे घालू नका. स्पीकरकडे बघा, खोलीकडे बघा. आपल्या नव्या सदनिकांतली फरशी आणि कोऱ्या भिंती जितका आवाज बिघडवतात, तितका आजचा कुठलाही बरा अ‍ॅम्प बिघडवत नाही. जाड सतरंजी आणि पुस्तकांनी भरलेलं कपाट यांनी जो फरक पडतो तो अनुभवून बघा.

तर हा प्रश्न सुटला कसा? ही माझी आवडती गोष्ट आहे. २ ऑगस्ट १९२७ची सकाळ. हॅरल्ड ब्लॅक नावाचा बेल कंपनीचा तरुण इंजिनिअर बोटीने हडसन नदी ओलांडून न्यूयॉर्कला कामावर चालला होता. त्याच्यापुढचा प्रश्न संगीताचा नव्हता, लांब पल्ल्याच्या टेलिफोनचा होता. वाटेत ठिकठिकाणी अ‍ॅम्प्लिफायर बसवावे लागत आणि प्रत्येक ठिकाणी थोडं थोडं डिस्टॉर्शन साचत जाई. बोटीवर त्याला सुचलं ते त्याने हातातल्या ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या पानावरच खरडलं : बाहेर पडणारा सिग्नल थोडासा परत आत आणा, मूळ सिग्नलशी ताडून बघा आणि जो फरक दिसेल तो पुसून टाका. गायक नाही का, तंबोऱ्यावर कान ठेवून आपला सूर क्षणोक्षणी सावरत असतो, तसंच हे. निगेटिव्ह फीडबॅक! आपल्याच हाताने अ‍ॅम्पची ताकद कमी करायची, ही कल्पना त्या काळी इतकी विचित्र वाटली की पेटंट मिळायला १९३७ साल उजाडलं.

ती कल्पना घरातल्या संगीतात उत्तम रीतीने आणली डी. टी. एन. विल्यमसन यांनी. १९४७ मध्ये ‘वायरलेस वर्ल्ड’ या इंग्रजी मासिकात त्यांचं सर्किट आलं. केटी ६६ व्हॉल्व्ह, १५ वॉट, डिस्टॉर्शन ०.१ टक्का. त्या काळी हा आकडा वाचून लोक चकित झाले. पण माझ्या दृष्टीने त्या आकड्याहून मोठी गोष्ट वेगळीच आहे. त्यांनी काही म्हणजे काही लपवलं नाही. सर्किट दिलं, प्रत्येक भाग किती मापाचा ते दिलं, आउटपुट ट्रान्सफॉर्मर कसा गुंडाळायचा तेही दिलं. जगभरातल्या हौशी माणसांनी तो आपापल्या टेबलावर बांधला. असे अ‍ॅम्प बांधणारी माणसं मी लहानपणी पाहिली आहेत. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून भाग आणायचे, ट्रान्सफॉर्मर ओळखीच्या माणसाकडून गुंडाळून घ्यायचा, चासी, म्हणजे पत्र्याचा सांगाडा, लोहाराकडून कापून आणायची. भारत इलेक्ट्रॉनिक्सच्या शिक्क्याचे व्हॉल्व्ह आपल्याकडे मिळायचे. पुढे त्याच कंपनीचे एसी १२८सारखे जर्मेनियम ट्रान्झिस्टर आले. (त्यांना उष्णता अजिबात सोसत नसे. तापले की करंट वाढायचा, करंट वाढला की आणखी तापायचे, आणि जेवण होईस्तोवर आउटपुट उडालेलं असायचं.) रेडिओचं मागचं झाकण उघडलं की आतल्या बाजूला सर्किट डायग्राम चिकटवलेली असायची, हे इथल्या पांढऱ्या केसांच्या मंडळींना आठवत असेल. विकणाऱ्याला ठाऊक होतं की हे यंत्र एक दिवस कुणीतरी उघडणार आहे, आणि त्या माणसासाठी तो कागद आत ठेवून देत होता.

इंग्लंडमध्ये हंटिंग्डनला क्वाड कंपनीचे पीटर वॉकर होते. १९५३चा त्यांचा क्वाड टू हा व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प आजही चालू अवस्थेत सापडतो. १९७५ मध्ये त्यांनी ४०५ काढला. तो तर दुरुस्त करणाऱ्याला वरदानच होता. त्यात मघाशी सांगितलेला सांध्याचा प्रश्न सर्किटनेच सोडवला होता, त्यामुळे आउटपुट ट्रान्झिस्टर बदलल्यावर काही जुळवत बसायला नको. जुळवणीचा स्क्रूच त्यात नव्हता.

आता जे सांगायचंय त्याला थोडा वेळ लागेल, पण ते सांगितल्याशिवाय माझा मुद्दा पुरा होणार नाही.

माझे एक ज्येष्ठ स्नेही आहेत. आयुष्यभर नोकरी केली, निवृत्तीच्या पैशातून परदेशी बनावटीचा एक नामांकित अ‍ॅम्प घेतला. कंपनीचं नाव घेत नाही. वीस किलोच्या वर वजन, पुढची पट्टी हाताच्या बोटाएवढ्या जाडीच्या अ‍ॅल्युमिनियमची, रिमोट असा की हातात घेतल्यावर वजन जाणवावं. आवाज निर्मळ होता, त्याबद्दल तक्रार नाही. काही वर्षं उत्तम गेली आणि एके दिवशी तो चालू होईना. दिवा लागायचा, मिचमिचायचा, विझायचा. अधिकृत केंद्राकडे नेला. उत्तर आलं : बोर्ड गेला आहे, हा बोर्ड आता बनत नाही, जुना जमा करा, नव्या मॉडेलवर सवलत देतो. सर्किट डायग्राम मागितली, तर म्हणाले, ती आम्हालाही देत नाहीत.

आम्ही तो गाडीत घातला आणि पुण्यात तापकीर गल्लीच्या परिसरात काम करणाऱ्या एका जुन्या कारागिरांकडे नेला. त्यांना सगळे काका म्हणतात, मीही म्हणतो. काकांची पद्धत ठरलेली. आधी सिरीजमध्ये शंभर वॉटचा बल्ब लावायचा आणि मग सप्लाय द्यायचा. बल्ब भकदिशी पेटला तर आत शॉर्ट आहे. बल्ब एकदा चमकून मंद झाला. म्हणजे पॉवरचा भाग ठीक. मग एकेक करून त्यांनी सगळं तपासलं. ट्रान्सफॉर्मर ठणठणीत. मोठे कंडेन्सर ठणठणीत. आउटपुटचे सगळे ट्रान्झिस्टर, एकूण एक, ठणठणीत. मग अडलं कुठे? पुढच्या पट्टीमागे तळहाताएवढा एक बोर्ड होता. त्यावर एक प्रोसेसर. तो रिमोट वाचतो, आकडे दाखवतो, आवाज कमी-जास्त करतो आणि सगळं ठीक असल्याची खात्री पटली की रिले, म्हणजे विजेवर चालणारं बटण, ओढून स्पीकर जोडतो. त्या बोर्डावरचे दोन छोटे कंडेन्सर फुगून पाझरले होते आणि त्या पाण्याने तांब्याच्या रेषा आणि प्रोसेसरचे पाय खाऊन टाकले होते. आणि ते कंडेन्सर बसवले कुठे होते? उष्णता बाहेर टाकणाऱ्या गरम हीट सिंकला लागून!

हे मी का ताणतोय ते हिशेबाने दाखवतो. कंडेन्सरवर लिहिलेलं असतं : १०५ अंश, आणि माहितीपत्रकात त्याचे तास, समजा २,०००. तापमान दर १० अंशांनी उतरलं की आयुष्य साधारण दुप्पट होतं, हा या धंद्यातला रोजचा नियम. आतली हवा ८५ अंश असेल तर ८,००० तास. रोज चार तास गाणं ऐकलंत तर साडेपाच वर्षं. तोच कंडेन्सर चार बोटं दूर, ६५ अंशांत बसवला असता तर ३२,००० तास, म्हणजे जवळपास २२ वर्षं. भाग तोच, खर्च तोच. बोर्ड आखणाऱ्याने एवढा विचार केला असता तर माझे स्नेही आजही निश्चिंत गाणं ऐकत बसले असते. लाखो रुपये घेणाऱ्या कंपनीकडून एवढी अपेक्षा करायची नाही तर कुणाकडून करायची?

प्रोसेसर बाजारात मिळत होता. पण कोरा. त्यातला प्रोग्राम कंपनीकडे, आणि कंपनी तो देणार नाही. शेजारच्या एका आयसीवरचा नंबर तर मुद्दाम घासून काढलेला होता. मी तिथे उभा राहून खरोखर संतापलो. अ‍ॅम्प म्हणून जे काही आहे ते सगळं शाबूत, आणि केवळ परवानगी देणारा मेला म्हणून वीस किलोचं यंत्र भंगारात?

मी म्हटलं, काका, रिले सरळ जोडून टाका. काकांनी मान हलवली. “तसं करायचं नाही. आउटपुटला डीसी आला तर यांचे स्पीकर जळतील. मी ते काम करत नाही.” ही या माणसांची नीती, आणि ती मला कुठल्याही माहितीपत्रकापेक्षा मोलाची वाटते. त्यांनी वेगळा मार्ग काढला. पुढचा सगळा भाग तोडून टाकला. डीसी ओळखणारं एक साधं प्रोटेक्शन सर्किट हाताने बांधलं, नवा रिले बसवला आणि अ‍ॅम्पचा नुसता पॉवर अ‍ॅम्प केला. आवाज कमी-जास्त करायला बाहेरून एक साधा प्रीअ‍ॅम्प जोडला. आता रिमोट नाही, आकडे नाहीत, पण आवाज तोच निर्मळ. आणि काकांनी आपण काय केलं ते एका कागदावर रेखाटून, प्लास्टिकच्या पिशवीत घालून, झाकणाच्या आत चिकटवून दिलं.

आयोजकांची चिठ्ठी आली आहे, दहा मिनिटं उरली आहेत. म्हणजे पत्रिकेवरचा विषय आता भराभर घ्यायला हवा.

क्लास डी. इथे ट्रान्झिस्टर अर्धवट उघडा कधी राहत नाही. पूर्ण चालू किंवा पूर्ण बंद, सेकंदाला काही लाख वेळा. चालू-बंदच्या वेळांचं प्रमाण संगीताप्रमाणे बदलत राहतं आणि शेवटचा फिल्टर त्यातून मूळ लहर गाळून काढतो. अर्धवट उघडं राहणं नाही, त्यामुळे उष्णता फार कमी. क्लास ए अ‍ॅम्प, ज्यात ट्रान्झिस्टर सतत चालू असतो, तो भिंतीतून घेतलेल्या विजेतला बराच मोठा भाग नुसता तापण्यात घालवतो. क्लास डी नव्वद टक्क्यांच्या आसपास वीज स्पीकरपर्यंत पोचवतो. कल्पना नवी नाही. क्लाइव्ह सिंक्लेअर यांनी १९६४ मध्येच एक्स-१० नावाचा संच टपालाने विकला होता, पण त्या वेळचे ट्रान्झिस्टर तेवढे चपळ नव्हते. खरी उडी मारली ब्रुनो पुत्झेस या बेल्जियन इंजिनिअरने. २००१च्या सुमारास फिलिप्समध्ये असताना यूसीडी हे सर्किट, मग हायपेक्स कंपनीत एनकोअर, आणि २०१९ मध्ये प्युरिफाय कंपनीचं सर्किट. आज त्यांच्या सर्किटमध्ये डिस्टॉर्शन ०.००१ टक्क्याच्याही खाली जातं, लहान आवाजालाही. हत्यार कुठलं? तोच हॅरल्ड ब्लॅकचा फीडबॅक, पण न डगमगता भरपूर वापरलेला. तंबोऱ्याची परीक्षा ही यंत्रं पास होतात. मी स्वतः ऐकून सांगतो आहे.

व्हॉल्व्हवाल्या मित्रांनी रागावू नये. व्हॉल्व्ह जो थोडा रंग मिसळतो तो आवडणं हा रसिकतेचा भाग आहे, मला तो मान्य आहे. पण तो रंगसुद्धा मोजता येतो. १९८५ मध्ये बॉब कार्व्हर या अमेरिकन इंजिनिअरने ‘स्टिरिओफाइल’ मासिकाच्या संपादकांना सांगितलं होतं की, तुम्हाला आवडेल तो महागडा अ‍ॅम्प आणा, मी माझा स्वस्तातला ट्रान्झिस्टर अ‍ॅम्प त्याच्यासारखा वाजवून दाखवतो. दोन्हींना एकच सिग्नल द्यायचा, एकाच्या आउटपुटमधून दुसऱ्याचा वजा करायचा आणि उरलेला फरक पुसत जायचा. दोन दिवसांत त्याने व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्पची इतकी हुबेहूब नक्कल केली की संपादकांना दोन्हींत फरक सांगता आला नाही.

मग धोका कुठे आहे? क्लास डी सगळा चिपवर आणि मॉड्यूलवर, म्हणजे तयार मिळणाऱ्या सर्किटच्या तुकड्यांवर, उभा आहे. ट्रायपाथ नावाची अमेरिकन कंपनी होती. तिच्या छोट्याशा चिपवर बांधलेल्या अगदी स्वस्त अ‍ॅम्पने २००४च्या आसपास भल्याभल्यांना चकित केलं. २००७ मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली. आता ती चिप जुन्या साठ्यातून शोधावी लागते. ऑक्टोबर २०२०मध्ये जपानमधल्या नोबेओका इथे एकेएम या चिप बनवणाऱ्या कंपनीच्या कारखान्याला आग लागली. हाय-फायच्या असंख्य यंत्रांमधल्या डिजिटल-टू-अ‍ॅनालॉग चिप, म्हणजे आकड्यांचा पुन्हा आवाजाचा सिग्नल करणाऱ्या चिप, तिथे बनत. एक कारखाना जळाला आणि जगभरच्या कंपन्यांना आपली यंत्रं नव्याने आखावी लागली. त्यात मालकीही एकवटत चालली आहे. सॅमसंगने २०१७ मध्ये हार्मन ही ध्वनियंत्रांची कंपनी घेतली, हार्मनने २०२५ मध्ये डेनॉन, मरांट्झ, बॉवर्स अँड विल्किन्स ही नावं घेतली, बोसने २०२४ मध्ये मॅकिंटॉश ही अ‍ॅम्पची कंपनी घेतली. नवे मालक जुने नकाशे आणि जुने सुटे भाग सांभाळतील की नाही, हा प्रश्न ग्राहकांनी आत्ताच विचारायला हवा. आपल्याकडे ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल सुरू केलं आहे. त्यात मोबाइल आहेत, ट्रॅक्टर आहेत. आपल्या या छोट्याशा जगाने तिथे आपलं म्हणणं मांडायला काय हरकत आहे?

दोन मिनिटं. विकत घेताना मी काय करतो ते सांगतो. स्ट्रीमिंग आणि अ‍ॅप एका डब्यात, अ‍ॅम्प दुसऱ्या डब्यात. अ‍ॅप पाच-सात वर्षांत जुनं होणारच, त्याच्यासोबत अ‍ॅम्प जायला नको. क्लास डी घ्यायचा तर ज्याचं मॉड्यूल चार स्क्रू काढून बदलता येतं आणि सुटं विकत मिळतं असाच घ्यायचा. आणि दुकानात सर्किट डायग्राम मागायची. नेल्सन पास यांच्यासारखा नावाजलेला डिझायनर आपली कितीतरी सर्किट हौशी लोकांसाठी खुशाल प्रसिद्ध करतो आणि तरीही त्याचे अ‍ॅम्प विकले जातात. मग इतरांना कसली भीती आहे?

शेवटच्या बाकावर मी एक वही ठेवली आहे. पुणे, मुंबई, नाशिक, कोल्हापूर इथे अजून ट्रान्सफॉर्मर गुंडाळून देणारे, व्हॉल्व्हचे सॉकेट ठेवणारे, जुना अ‍ॅम्प हातात घ्यायला न कंटाळणारे जे कारागीर मला माहीत आहेत, त्यांचे पत्ते त्यांना विचारूनच लिहिले आहेत. सोलापूरचं आणि नागपूरचं पान रिकामं आहे. तिकडची मंडळी इथे असतील तर जाताना भरून द्या. प्रश्न बाहेर चहाला घेऊ.